सतरा नव्वे

सोलापूर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

सा. न. पत्र बघून दचकू नका, मी बरी आहे. शिवूकाका तुमच्या दुकानाचे फ्लेक्सचे रोल न्यायला टेम्पो घेऊन येतात, त्यांच्याजवळ हे देतेय. फोन का केला नाही म्हणाल, तर वसतिगृहाचा फोन बाईंच्या टेबलावर असतो आणि बोलणाऱ्या मुलीपेक्षा बाईच जास्त ऐकतात. तुमच्याकडे तर फोन स्पीकरवरच असतो. मागच्या वेळी मी पोट दुखतंय म्हणाले तर दुकानातल्या तीन जणांनी मला ओवा खायला सांगितला.

मामा, मला खो-खो सोडायचा आहे.

सहामाहीत गणितात ऐंशीपैकी अकरा पडले. दहावीचं वर्ष आहे. पण नुसतं मार्कांचं नाही. तीन वर्षं ऑगस्ट ते डिसेंबर मी वर्गात बसलेलीच नाही, कुठल्या ना कुठल्या मैदानावर असते. हजेरीपटावर मात्र हजर. वर्गात असले तरी बाई मला काही विचारत नाहीत. ‘ती खेळाडू आहे, तिला बसू दे,’ म्हणतात. आधी मला याचं बरं वाटायचं. आता फळ्यावर काय चाललंय ते कळत नाही आणि विचारायची सोय राहिलेली नाही, कारण जे विचारायचं ते सातवीतलं असतं.

आईला आणि दादांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगतेय, कारण एक काम आहे. वळसंगच्या स्टँडवरचा माझा फ्लेक्स उतरवा. त्यावर ‘महाराष्ट्र संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ लिहिलंय. माझी निवड झालेली नाही. मी संभाव्य यादीत आहे. नोव्हेंबरात सांगलीला शिबिर आहे, त्यातून संघ निवडणार. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. घरी येताना एसटी स्टँडवर वळली की माझं तोंड मलाच दिसतं आणि मी खिडकीकडं पाठ करून बसते.

रागावू नका.

तुमची
संस्कृती


वळसंग
१५ ऑक्टोबर

चि. संस्कृतीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गिऱ्हाईक होतं म्हणून मशीनच्या मागं जाऊन वाचलं. बाहेर आलो तर कामाला असलेला प्रभू म्हणतो, ‘शेठ, डोळ्यांत पानी कशाचं ओ?’ म्हटलं, शाईचा वास हाय, तू काम बघ.

बाय, रागवायचं काय त्यात? तुझं वय सोडायचंच असतं. मी तुझ्या वयात शाळा सोडली, तू खेळ सोडतीस, एवढाच फरक. पण सोडायला वेळ असते. आधी मला सांग, कान कुणी भरले? गुडघा दुखतोय का? का त्या होटगीच्या यास्मीनशी वाजलं? साखळीत तुझ्या शेजारी बसते, जेवायला तुझ्या शेजारी बसते. भांडण झालं तर तिथंच होणार. माझे कान तिखट आहेत, तुला माहीत आहे. तुझ्या पत्रात काहीतरी राहिलंय ते मला ऐकू येतंय, पण काय ते कळत नाही.

आता फ्लेक्सचं. तो नुसता तुझा नाही, गावाचा आहे. वर तुझा फोटो, खाली शुभेच्छुकांची तोंडं दोन ओळी. त्यातल्या निम्म्यांना खो-खोत बसतात किती आणि पळतात किती हे ठाऊक नाही, पण तोंड मोठं का बारकं यावरून दोघं माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते. तो उतरवला की गाव विचारणार. आणि गावाला उत्तर दिलेलं चालत नाही, गावाला कारण लागतं.

तू म्हणतीस संभाव्य. मला शब्द कळतो गं. मी नंबरप्लेटा रंगवत होतो तेव्हापासून अक्षरांतच आहे. पण फ्लेक्सवर संभाव्य लिहीत नसतात. ‘भावी आमदार’ लिहितात की नाही? तो कधी होतो का? कुणी काढ म्हणतं का? फ्लेक्स हा आशेनंच लावायचा असतो. परवा एक जण बापाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आला. म्हणतो, ‘मामा, फोटो जरा हसरा घ्या.’ म्हटलं, दुसरा फोटो दे की मग. ‘न्हाय ओ. हसलेला एकबी न्हाय. तुमीच करा काय तरी कंप्युटरवर.’ केला हसरा. घरचे बघून रडले आणि म्हणाले, असाच होता की. आता ह्यात खोटं कुणी बोललं सांग.

म्हणून मामाचं ऐक. दिवाळी कर, शिबिराला जा. तिथं यादीत नाव येऊ दे. फ्लेक्स खरा झाला की दुसऱ्या दिवशी खेळ सोड. मग गावात मीच सांगेन, पोरगी वर पोचली आणि मानानं थांबली, आता दहावी बघणार. थांबणाऱ्याला मान असतो, पळून आलेल्याला नसतो. गणिताला शिकवणी लावू. एवढ्याशा आकड्यांना कोण भितं?

आणि चारचौघांत बोलायची भीती वाटत असेल तर मी आहे. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत तुझी गडबड झाली तेव्हा सावरलं की नाही मामानं? सगळं ग्राउंड हसलं आणि विषय मिटला. तसंच हे पण मिटवू.

मामी करंज्या करतेय. तुला आवडतात तशा, सारण जास्त.

तुझा मामा
धोंडीराम


सोलापूर
२६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

भाऊबीजेला तुमच्याशी एकटीनं बोलायचं होतं. तुम्ही दिसलात की चार माणसं असायची. सरपंचांच्या मुलानं माझ्याबरोबर फोटो काढला, तो पण फ्लेक्सखाली उभं करून. तुम्ही त्याला म्हणालात, ‘जरा लांब उभा राहा, पोरगी खो देईल,’ आणि सगळे हसले. मीही हसले. फोटोत दिसेल.

तुम्ही म्हणता तसं करते. शिबिराला जाते. तीन नोव्हेंबरला सकाळी पहिली हजेरी आहे, आम्ही दोन तारखेला निघू. आमचे सिद्धलिंग सर शिबिरात मदतीला आहेत, त्यांच्याबरोबरच जाणार.

यास्मीनशी भांडण झालेलं नाही. उलट तिनं तिची गुडघ्याची नवी पट्टी मला दिलीय. तिचं नाव राखीवमध्ये पहिलं आहे. ती घेऊन जा म्हणाली, मला आता काय करायचीय. मी घेतली.

करंज्या संपल्या. मामींना सांगा.

संस्कृती


वळसंग
३० ऑक्टोबर

चि. संस्कृतीस आशीर्वाद.

शाब्बास. असं पाहिजे. तुझ्या ‘करते’वर मामी म्हणाली, पोरीचं पत्र एवढंसंच का ओ? मी म्हटलं, खेळाडू आहे, दम राखून बोलते.

शिवूबरोबर लाडू पाठवतोय, डब्यावर नाव घातलंय. तुझ्या नावाची अक्षरं मी ब्रशनं काढली, लई दिवसांनी. रेघ वाकडी जाते आता, पण वेलांटी अजून माझीच.

इकडची गंमत सांगतो. काल दुकानात यास्मीनचे वडील आले. बडेसाब. होटगी स्टेशनबाहेर पेरूची गाडी लावतात ते. अक्कलकोटला पाव्हण्याकडं निघाले होते, बस सोडून इथं उतरले. बराच वेळ मशीनकडं बघत उभे. मग म्हणतात,

‘भाऊ, बारका फ्लेक्स निघतो का?’

‘निघतो की. कशाचा?’

‘पोरीचा. नाव राखीवमदी हाय. शिबिराला कोण गेलं न्हाय तर हिला बोलावणार म्हनं.’

मी म्हटलं, ‘बडेसाब, राखीवचा फ्लेक्स नसतो ओ. छापायचा तर आजच निवड झाली म्हणून छापू. माझं मशीन काय विचारत नाही.’

तर दोन्ही हात हलवून म्हणतात, ‘नक्को, नक्को. अब्बी नक्को. नाव येऊ द्या. आदी लावला तर लेकरावर वजन पडतं.’

मी हसलो. साधा माणूस. म्हटलं, वजन कसलं, कापडाएवढं पण वजन नसतं फ्लेक्सला. मग बाहेर जाऊन तुझ्या फ्लेक्सकडं मान वर करून बघत राहिले. ‘तुमची भाची दिसती की. लई गुनाची. आमच्यात आली की शेळीचं पिल्लू हातातनं सोडत न्हाय.’ बस आली, गेले.

बघ, लोक आस लावून बसलेत तुझ्या जागेची. आणि तू सोडायला निघाली होतीस! अशी जागा नशिबानं मिळते. घट्ट धरून बस.

दुसरा फ्लेक्स मनात तयार आहे. ह्यापेक्षा मोठा. तोंडं तीन ओळी.

तुझा मामा


सांगली
८ नोव्हेंबर

मामा,

हे टपालानं येईल. तोपर्यंत मी सोलापूरला परतलेली असेन. मी शिबिर सोडलं. सिद्धलिंग सरांना काल सांगितलं. आईला आणि दादांना आज सरांच्या फोनवरून सांगितलं. आई रडली, दादा ‘बरं’ म्हणाले. आता तुम्हाला सगळं लिहिते. पहिल्या पत्रात जे राहिलं होतं ते.

पंधरा ऑगस्टला तुम्ही सावरलंत म्हणालात. तुमच्या लक्षात काय आहे मला माहीत नाही. माझ्या लक्षात आहे ते सांगते. मला प्रमुख पाहुणी केलं होतं. चौथीच्या मुलांची पाढ्यांची स्पर्धा होती आणि हेडसर माइकवर म्हणाले, शेवटचा प्रश्न आपल्या संस्कृतीताई विचारतील. मी एका मुलीला विचारलं, सतरा नव्वे? तिच्या दोन वेण्या होत्या, रिबिनी सुटलेल्या. ती म्हणाली, एकशे त्रेचाळीस. मला ते बरोबर की चूक हे माहीत नव्हतं, मामा. मी हेडसरांकडं बघितलं, ते सत्काराचा गुलाल शोधत होते. मी म्हणाले, बरोबर, शाब्बास, आणि तिला बक्षीस दिलं.

मग सगळी चौथी उठून ओरडली. चूक! चूक! एकशे त्रेपन्न! ती मुलगी बक्षीस हातात घेऊन माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं मी तिला फसवलं. तेव्हा तुम्ही माइक घेतलात आणि म्हणालात, ‘आमची संस्कृती डोक्यानं न्हाय, पायानं हिशेब करती!’ ग्राउंडभर हसू. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या डोक्यावर तुम्ही हात ठेवला होता. तो हात मला अजून जड लागतो.

तुम्हाला वाटलं विषय मिटला. मला त्या दिवशी कळलं की माझ्यावर हसायचं सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलंय, फक्त प्रेमानं. इथली सोलापूरची शाळा पण तेच करते. ती खेळाडू आहे, तिला बसू दे.

एवढंच असतं तर मी तुम्हाला पत्रात भांडून मोकळी झाले असते. पण पुढचं माझं आहे.

नियम असा आहे की शिबिराच्या पहिल्या हजेरीआधी कुणी नाव मागं घेतलं तर राखीव मुलीला बोलावतात. हजेरी लागली की मग नाही, आहेत त्यांतूनच संघ निवडतात. हे मला माहीत होतं. ऑक्टोबरपासून माहीत होतं. यास्मीनलाही माहीत होतं आणि तरी तिनं विचारलं नाही. तुमचं ते बडेसाबचाचांचं पत्र मला निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. मी ते वाचलं, घडी घातली आणि बॅग भरली. दुसऱ्या दिवशी ती स्टेशनवर सोडायला आली होती. गाडी हलेपर्यंत सांगता आलं असतं.

मी तुमच्या फ्लेक्ससाठी गेले असं लिहिणार होते. ते खोटं आहे. फ्लेक्स उतरला तर गावात माझं काय होईल, यासाठी गेले.

काल सरावात मी साखळीत बसले होते. मागून मुलीनं पाठीवर थाप मारली, खो म्हणाली. मी उठलेच नाही. ऐकू आलं होतं. सर ओरडले, ‘झोपलीस काय गं?’ मी तशीच बसून म्हणाले, सर, मला खेळायचं नाही. त्यांनी मला बाजूला नेलं. ओरडतील वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, ‘सोमवारच्या आत बोलली असतीस तर यास्मीन हितं असती की.’ आणि शिट्टी वाजवत मैदानात गेले.

आमच्या खेळात एकदा पुढं निघून गेलं की मागं बसलेलीला खो देता येत नाही. परत फिरलं की फाऊल.

गुडघ्याची पट्टी बॅगेत आहे. मी ती एकदाही घातली नाही.

संस्कृती


वळसंग
१७ नोव्हेंबर

संस्कृती,

तुझं पत्र गुरुवारी आलं. आधी राग आला, तो तुझाच आला. म्हटलं, मी कुणासाठी केलं हे सगळं? मामीला वाचून दाखवलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, ‘तुमी माइक घेतला तवाच मला वाटलं हुतं.’ म्हटलं, मग बोलली का नाहीस? ‘तुमी हसत हुता की. हसनाऱ्याला काय सांगायचं?’

दुपारी मी शिडी घेऊन स्टँडवर गेलो. प्रभूला नेलं नाही. मी वर चढलो आणि खाली माणसं जमली, जमणारच. सिद्धाप्पाचा ज्ञानू चहाच्या गाड्यावरून ओरडतो, ‘का ओ मामा, तारीख संपली काय पोरीची?’

दुसरी वेळ असती तर मी शिडीवरूनच त्याला असा परतवला असता की गाडा बंद करून घरी गेला असता. पण मी म्हटलं, ‘निवड झालीच नव्हती. मी खोटं छापलं होतं.’

आणि काय झालं सांगू? सगळे हसले. ज्ञानू तर टाळी देत फिरला. ‘मामा लई इरसाल!’ मी परत म्हटलं, खरंच सांगतोय. परत हसले. आयुष्यभर लोकांना हसवून मिळवलंय सगळं, आता माझ्या तोंडातून खरं निघालं तरी त्याचा विनोद होतो. फ्लेक्सची दोरी मी एकट्यानं सोडली. शिडी धरायला कुणी आलं नाही, कारण सगळे पोट धरून उभे होते.

तेव्हा मला तुझं पंधरा ऑगस्ट कळलं. पूर्ण कळलं असं म्हणत नाही. शिडीवर उभं राहिल्याएवढं कळलं.

फ्लेक्स गुंडाळून मोटरसायकलला बांधला आणि तसाच होटगीला गेलो. बडेसाब स्टेशनबाहेर होते. त्यांना सगळं सांगितलं. तू ऑक्टोबरातच सोडणार होतीस, मी थांबवलं. ते दुकानात आले तेव्हा मला हे माहीत होतं. कोण गेलं नाही तर पोरीला बोलावतील, हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं, मी शब्दन् शब्द ऐकला आणि तुला गंमत म्हणून लिहून कळवला. तिखट कान काय चाटायचे?

बडेसाबांनी एक पेरू घेतला, चिरला, तिखटमीठ लावून माझ्या हातावर ठेवला. गिऱ्हाईकाला देतात तसाच. मला तो गिळेना आणि टाकवेना. मग त्यांनी मोटरसायकलला बांधलेल्या गुंडाळीकडं बघितलं.

‘ते काय, पोरीचा फ्लेक्स काय?’

‘व्हय.’

‘काय करनार त्याचं?’

‘काय करायचंय. फाडून टाकतो.’

‘फाडू नक्को. द्या मला. शेळ्यांना वारं लागतंय आता.’

दोघं मिळून घरी गेलो. शेळ्यांच्या छपराची एक बाजू उघडी आहे, तिथं बांधायचा ठरला. मी सवयीनं फ्लेक्स उलगडला, तुझं तोंड रस्त्याकडं करून कोपरा धरला. तर ते म्हणतात,

‘उलटा करा, भाऊ. तोंड आत.’

म्हटलं, ‘का?’

‘ह्या रस्त्यानं शाळंच्या पोरी जातात. बगतील, हसतील. लेकराला लाज वाटंल.’

संस्कृती, वीस वर्षं झाली, मी माणसांची तोंडं बाहेरच्या बाजूला लावत आलो. आत वळवायची असतात, हे त्या दिवशी बघितलं. मी कोपरा धरून उभा राहिलो, गाठी त्यांनीच मारल्या.

यास्मीन घरात होती. बाहेर आली नाही.

तुला काय करायचं ते मी सांगणार नाही. सांगायची सवय मोडतोय. दहावीचं बघ. माझा राग कर, हक्क आहे. फक्त पत्र लिहीत जा, मशीनच्या मागं जाऊन वाचेन.

मामा


सोलापूर
७ डिसेंबर

प्रिय मामा,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं. शाळेत यास्मीन नववीच्या जिन्यानं जाते, मी दहावीच्या. मधल्या सुट्टीत ती मैदानावर असते आणि मी वर्गात. मी पहिल्या बाकावर बसायला लागलेय. बाईंना म्हणाले, मला विचारत जा, आलं नाही तरी. त्या विचारतात आणि येत नाही. वर्ग आधी हसायचा, आता कंटाळला. रात्री दहावीचं पुस्तक मिटून चौथीचे पाढे पाठ करते, उशीला पाठ टेकून, ओठ न हलवता, कारण खोलीतल्या मुली ऐकतात.

आज रविवार होता. पट्टी द्यायची म्हणून होटगीला गेले. चाची म्हणाल्या, पोरगी शेळ्यांकडं हाय, जा. मी छपरात गेले आणि समोर माझं तोंड. केवढं मोठं हो ते, मामा. स्टँडवर उंच असतं म्हणून कळत नव्हतं. खालची शुभेच्छुकांची ओळ शेळ्यांनी कुरतडलीय. सरपंचांचा अर्धा चेहरा गेलाय.

यास्मीन पाला टाकत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘काळी शेळी रोज चाटती तुला.’

मी पट्टी पुढं केली. तिनं घेतली नाही, खुंटीकडं बोट केलं. मी तिथं अडकवली. मग मी म्हणाले, यास्मीन, माझं चुकलं. ती म्हणाली, ‘उशिरा दिलेला खो फाऊल असतो. फाऊलला चुकलं म्हनून चालतं का?’

मी नाही म्हणाले. निघावं असं वाटलं, पण पिल्लू पायात आलं होतं. मी खाली बसले. मग ती एकदम वळली. तिच्या डोळ्यांत तेच होतं, खांबाजवळ मुलगी सापडली की असतं ते.

‘बोल. सतरा नव्वे?’

तिलाही माहीत होतं तर. सगळ्या तालुक्याला माहीत असणार. माझे कान तापले. पण मी खाली न बघता म्हणाले, ‘एकशे त्रेपन्न.’

मी वाट बघत राहिले. बरोबर म्हणेल, निदान टोमणा मारेल. शेवटी मीच विचारलं, ‘बरोबर ना?’

ती शेळीच्या गळ्यातली दोरी सोडवायला लागली. दोरी सुटलेलीच होती.

‘मला काय इचारती,’ ती म्हणाली.

तिलाही येत नव्हतं, मामा.

ती नववीत आहे. तिच्या हजेरीपटावरही ती हजरच असते. तिलाही बाई काही विचारत नाहीत. तिचा फ्लेक्स झाला असता तर तिच्याही हातात कुणीतरी माइक दिला असता.

मी हसले नाही. तिथं हसायला दुसरं कुणी नव्हतं, तरी मी हळू आवाजात सांगितलं, ‘मला पण हे पाढे मागच्या आठवड्यापासूनच यायला लागलेत.’ ती पाला झटकत राहिली. मग माझ्याकडं पाठ करून, साखळीत बसते तशी, माझ्या शेजारी उकिडवी बसली. तोंड त्या बाजूला.

‘मग अठरा नव्वे?’ तिनं विचारलं. मी तोंड उघडलं तर म्हणाली, ‘थांब. सांगू नकोस.’

ती बोटांवर मोजायला लागली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी पिल्लू मांडीवर घेऊन तिच्या पाठीशी बसून राहिले. उत्तर मला येत होतं. पण तिला जेवढा वेळ लागला तेवढा मी थांबले.

तुमची
संस्कृती